पाणी किती घालू?

शनिवारची दुपार. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि मी बाथरूममध्ये दार लावून, खालच्या फटीत काळा टॉवेल कोंबून, लाल दिव्यात उभा. कमोडवर फळी, फळीवर तीन ट्रे. वॉशिंग मशीनवर मामाचा जुना एन्लार्जर. बायको बाहेरून विचारते, "अजून किती वेळ?" मी म्हणतो, "दोन मिनिटं." आयटीतल्या माणसाच्या दोन मिनिटांना काय किंमत असते ते तिला ठाऊक आहे, त्यामुळे ती शेजारच्यांकडे निघून जाते.

तर मंडळी, हा आपला नवा नाद. कृष्णधवल फोटो फिल्मवर काढायचे आणि घरीच कागदावर छापायचे. "मोबाईलमध्ये एक बटण दाबलं की ब्लॅक अँड व्हाईट होतो की!" हे मला हापिसात आत्तापर्यंत निदान वीस जणांनी सांगून झालंय. असो. आज लिहायचंय ते या नादातल्या सगळ्यात कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल. डेव्हलपरमध्ये पाणी किती घालायचं?

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एन्लार्जरमधून निगेटिव्हचा प्रकाश कागदावर काही सेकंद पाडायचा. कागद दिसायला कोराच राहतो. मग तो डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवायचा आणि ट्रे हलकेच हलवत राहायचा. जिथे प्रकाश पडला तिथल्या चांदीच्या क्षारांचं डेव्हलपर चांदीत रूपांतर करतो, आणि ती बारीक चांदी आपल्याला काळी दिसते. पुढे स्टॉप बाथ, फिक्सर आणि भरपूर धुणं. कोऱ्या कागदावर चेहरा उमटायला लागतो तो क्षण पहिल्यांदा बघितला तेव्हा मी खरंच "आईशप्पथ" असं मोठ्याने म्हणालो होतो.

आता हा डेव्हलपर दोन तऱ्हांनी मिळतो. एक म्हणजे बाटलीतला दाट द्रव. उदाहरणार्थ इल्फर्डचा मल्टिग्रेड डेव्हलपर. तो एकास नऊ पाण्यात मिसळायचा आणि वीस अंशांना साधा प्लास्टिक लेपाचा कागद, म्हणजे आरसी पेपर, एक मिनिट बुडवायचा. स्वस्तात हवं असेल तर एकास चौदा, मग दीड मिनिट. फायबर पेपर असेल तर वेळ दुप्पट. पाचशे मिलीच्या बाटलीतून पहिल्या हिशोबाने पाच लिटर होतं, दुसऱ्याने साडेसात. इथपर्यंत सोपं आहे.

दुसरी तऱ्हा पावडरची. कोडॅकचा डेक्टॉल हा त्यातला प्रसिद्ध, आणि त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे डी-७२, ज्याचं सूत्र सगळ्यांना खुलं आहे. एक लिटर स्टॉकसाठी मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट (मोनोहायड्रेट असेल तर) ८० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. हा झाला स्टॉक. तो थेट वापरायचा नाही. एक भाग स्टॉक, दोन भाग पाणी. एकास दोन! हे "दोन" लक्षात ठेवा, घोळ इथेच आहे.

मी इंजिनिअर माणूस. बाटलीतला विकत घेण्यापेक्षा घरीच डी-७२ बनवू, असं ठरवलं. पोळ्यांची कणीक मोजायला आणलेला डिजिटल काटा पळवला (आता नवीन काटा आणलाय, जुना बायकोने परत घ्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच आहे). हातमोजे, मास्क वगैरे लावून सगळं मोजून विरघळवलं. तपकिरी बाटलीत भरलं. बाटलीवर चिठ्ठी लावली, "डेव्हलपर १:९".

का? कारण त्याआधी दोन महिने मी बाटलीतला द्रव वापरत होतो आणि १:९ डोक्यात बसलं होतं. कोड कॉपी-पेस्ट करताना एक व्हेरिएबल बदलायचं राहून जातं ना, अगदी तसंच. लिटरला ३३३ मिली स्टॉक लागतो तिथे मी १०० मिली घालत होतो. म्हणजे ट्रेमधल्या लिटरभर पाण्यात मेटॉल एक ग्रॅमऐवजी फक्त ०.३ ग्रॅम. (जाता जाता, हे १:९ लिहिणंच वाईट. काही जण त्याचा अर्थ नवातला एक भाग असा घेतात. १+९ लिहावं, म्हणजे वाद नको.)

एरर मेसेज येत नाही ही यातली गंमत. कागद कोरा राहिला असता तर लगेच कळलं असतं. पण फोटो येतो! उशिरा येतो, फिकट येतो, पण येतो. मला वाटलं एक्स्पोजर कमी पडतंय. म्हणून आठ सेकंदांचे बारा केले, बाराचे अठरा. मग चित्र जरा गडद झालं, पण सगळंच. पांढरं होतं ते राखाडी झालं, आणि काळं होतं ते काही केल्या काळं होईना. त्यात घड्याळाकडे बघून मिनिटभरात कागद बाहेर. मला ते फोटो आवडतही होते, खरं सांगायचं तर. "जरा मूडी आलेत" असं मी स्वतःला समजावलं होतं.

पावसाळ्यात काढलेल्या एका रोलचे असे पंधरा-वीस प्रिंट घेऊन मी वाईला मामाकडे गेलो. खंबाटकी घाट उतरताना मनात मांडे खात होतो, की मामा आता पाठ थोपटणार. मामाचा वाईला स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो. डिजिटल आलं तसं आधी डार्करूम बंद झाली, मग दुकान. एन्लार्जर माळ्यावर गेला तो मी उतरवेपर्यंत तिथेच होता. मामाच्या बोटांची कातडी अजून कोरडी आणि भेगाळलेली आहे. आयुष्यभर चिमटा न वापरता उघड्या हातांनी प्रिंट हलवले, त्यातलं मेटॉल कातडीला बाधतं.

मामाने चष्मा वर करून एक प्रिंट डोळ्यांजवळ नेला. लक्ष्मी रोडवर पावसात चाललेली गर्दी, छत्र्याच छत्र्या.

"ही छत्री कसल्या रंगाची आहे रे?"

"काळी."

"मग काळी का नाही?"

मी काहीतरी मूडवगैरे बोललो. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरा प्रिंट बघितला, तिसरा बघितला. मग म्हणाला, "डेव्हलपरात पाणी किती घालतोस?"

मी सांगितलं. तो हसला नाही, ओरडलाही नाही. नुसता म्हणाला, "हा राखाडी मी ओळखतो." आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. आईचे वडील. मी दीड वर्षाचा असताना गेले, जानेवारी १९९८ मध्ये. माझ्यासाठी आजोबा म्हणजे तो फोटो. टोपी, कोट, मागे धूसर अंगण, सगळं राखाडी. आजी मला लहानपणी सांगायची, "ह्यांचा काळा कोट होता, शाळेत इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी घालायचे." आणि मी फोटोकडे बोट दाखवून तिच्याशी वाद घालायचो, की कोट काळा नव्हताच, करडा होता. आजी म्हणायची, "अरे, मीच इस्त्री करायचे." शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला बऱ्याच गोष्टी आठवेनाशा झाल्या. तेव्हा कोटाचं पुन्हा निघालं की मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, चाललंय आजीचं. २०१९ मध्ये ती गेली.

मामाने त्या दिवशी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं.

आजोबा गेले, सुतक होतं म्हणून दुकान बंद. तेराव्याला फोटो पाहिजे हे बाराव्याच्या संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं. घरात फोटोग्राफर असून बापाचा मोठा फोटो नाही! मामा रात्री एकटाच दुकानात गेला. निगेटिव्ह होतं, १९८९ मध्ये याशिकावर काढलेलं. कागद होता. डेव्हलपर मात्र दोनशे मिली उरलेला, तोही अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोन आठवडे पडलेला. बाटलीत हवा राहिली की डेव्हलपर तिच्यातला ऑक्सिजन घेत हळूहळू मरतो, चहासारखा तपकिरी होतो. नवीन पावडर साताऱ्याहून आणावी लागली असती. आठ बाय दहाच्या ट्रेला लिटरभर तरी द्रव लागतो, नाहीतर कागद नीट बुडत नाही. मग काय, आठशे मिली पाणी. एकास चार. त्यात जानेवारीची थंडी. मागच्या खोलीत थर्मामीटर पंधराच्या खाली.

ही थंडीची बाब समजून घेण्यासारखी आहे. डेव्हलपरमध्ये दोन कामकरी असतात, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. मेटॉल चटकन कामाला लागतं, फिक्या छटा उचलतं, पण मऊ असतं. दाट काळं आणण्यात हायड्रोक्विनोनचा हात मोठा, आणि दोघं मिळून एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त काम करतात. पण हायड्रोक्विनोनचे नखरे फार. त्याला अल्कली भरपूर लागते (कार्बोनेट त्यासाठीच असतं) आणि ऊब लागते. थंडीत ते जवळजवळ झोपतं. म्हणजे मामाच्या ट्रेमध्ये त्या रात्री जे होतं ते म्हाताऱ्या झालेल्या, पाणी वाढवलेल्या आणि कुडकुडणाऱ्या डेव्हलपरचं लिटरभर पाणी.

"मला कळत नव्हतं असं नाही," मामा म्हणाला. "रोजचं काम होतं माझं. पाच-सहा मिनिटं ठेवला असता, ट्रेखाली गरम पाण्याची परात ठेवली असती, तरी बरा आला असता. पण घरी सगळे थांबलेले. एक्स्पोजर वाढवलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढला. लाल दिव्यात बरा वाटला. लाल दिव्यात सगळंच बरं वाटतं. सकाळी उजेडात बघितला, तर अण्णांच्या तोंडावर राख फासल्यासारखं. तोवर फ्रेमवाला दारात."

"मग नंतर का नाही केलास?"

"नंतर करू, नंतर करू... आणि एकदा हार घातलेला फोटो भिंतीवरून कोण काढतं? कुणाला त्यात काही वाटलंही नाही. आई तेवढी म्हणाली होती, कोट काळा होता रे."

मी यावर काय बोलणार? मामी चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यायलो.

निगेटिव्ह शोधायला दोन वीकांत लागले. एन्लार्जर होता त्याच माळ्यावर, लग्नपत्रिकांच्या खोक्यात, पाकिटावर पेन्सिलीने "अण्णा, अंगण" असं लिहिलेलं. मधल्या काळात मी बाटलीवरची चिठ्ठी बदलली, छत्र्यांचा प्रिंट एकास दोनने पुन्हा काढला आणि पहिल्यांदा काळी छत्री काळी आलेली बघितली. हे एकदा दिसलं की आधीचे प्रिंट बघवत नाहीत. अख्खी थप्पी रद्दीत गेली.

मग मे महिन्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आमच्याकडे आला. ऑपरेशन मंगळवारी, आणि हा शनिवार मोकळा. म्हणजे सुरुवातीला सांगितलं त्या बाथरूममध्ये मी एकटा नव्हतो. प्लास्टिकच्या स्टुलावर, कोपऱ्यात, बादलीशेजारी मामा बसलेला होता.

मेमध्ये प्रश्न उलटा. टाकीचं पाणी बत्तीस अंश. त्यात डेव्हलपर बनवला तर तो सुसाट सुटतो, वीस सेकंदांत सगळं काळं आणि पांढऱ्यावरही करडी झाक. म्हणून आरओचं गार पाणी (टँकरचं पाणी जड असतं, ट्रेमध्ये पांढरा गाळ बसतो), आणि बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेमध्ये सोडायचा. बर्फ थेट टाकायचा नाही, नाहीतर वितळून पुन्हा प्रमाण बिघडलं. पाणी किती घालायचं याचा इतका काथ्याकूट करून शेवटी बर्फाने घात केला असं नको.

३३३ मिली स्टॉक, ६६७ मिली पाणी, वीस अंश. फायबर पेपर. पहिला कागद बुडवला आणि मामा म्हणाला, "दिसलं की सांग."

"काय दिसलं की?"

"काहीही. पहिली सावली."

मला वाटलं त्याला उत्सुकता आहे. मग लक्षात आलं, त्या उजेडात त्याला ट्रेमधलं काही दिसतच नव्हतं. तो मनात सेकंद मोजत होता.

"दिसलं," मी म्हणालो.

"वीस. सहापट धर. दोन मिनिटांच्या आत हात लावू नकोस."

हे त्याचं गणित. पहिली सावली किती सेकंदांनी दिसते ते मोजायचं आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचं. डेव्हलपर पातळ असो, थंड असो, थकलेला असो, सावली उशिरा दिसते आणि वेळ आपोआप वाढतो. त्याला हे कुणी शिकवलं ते त्याला आठवत नाही. मी नंतर बघितलं तर ॲन्सेल ॲडम्सच्या 'द प्रिंट' या १९८३ च्या पुस्तकात हीच रीत दिलेली आहे. फीडबॅक लूप म्हणतात तो हाच की! आणि मी आपला भिंतीवरच्या घड्याळाला चिकटून बसलेलो.

चाळीस सेकंदांना कोट गडद व्हायला लागला. साठला मला वाटलं बास, आता जास्त होतंय. हात चिमट्याकडे गेला. मामाने तो बघितला नसणार, पण म्हणाला, "काढू नकोस. जास्त काळा झाला तर पुढच्या कागदाला उजेड कमी दे. हा पूर्ण होऊ दे."

मला वाटतं नवशिक्यांनी एवढं एक वाक्य ऐकलं तरी अर्धे कागद वाचतील. गडदपणा ठरवायचा एन्लार्जरच्या सेकंदांनी. डेव्हलपरमध्ये कागद पूर्ण शिजला पाहिजे. पाणी जास्त घातलं तर शिजायला वेळ जास्त, कमी घातलं तर कमी, एवढंच. वरण कच्चं असताना गॅस बंद करून कुणी "मूडी वरण" म्हणत नाही :-)

पहिला प्रिंट काळा आला, पण फारच कडक. भर दुपारच्या उन्हात काढलेला फोटो, टोपी कागदासारखी कोरी, घडी दिसेना. मामा म्हणाला, "आता घाल पाणी. एकास चार कर आणि वेळ वाढव, मऊ येईल." हा जुन्या काळचा उपाय. तेव्हा प्रत्येक कॉन्ट्रास्टचा कागद वेगळा विकत घ्यावा लागायचा. छोट्या गावातल्या दुकानात एक-दोन प्रकारच मिळायचे, मग डेव्हलपरशी खेळून भागवायचं. माझा कागद मल्टिग्रेड, एन्लार्जरखाली फिल्टर बदलला की झालं. आम्ही दोन्ही केलं. एक प्रिंट एकास चारमध्ये साडेतीन मिनिटं ठेवून, दुसरा एकास दोनमध्येच ठेवून पण दोन नंबरचा फिल्टर काढून दीडचा लावून. माझ्या मते फिल्टरवाल्यात फरक स्पष्ट दिसतो आणि पाणीवाल्यात जेमतेम. आजकालच्या कागदांवर पाण्याने कॉन्ट्रास्ट बदलायला जाऊ नये, ते वेळ आणि पैसा यांचं साधन आहे, असं माझं मत झालंय. मामा म्हणाला, पाणीवाला जास्त मऊ आहे, त्याला स्पष्ट दिसतंय. मोतीबिंदूतून! मी वाद घातला नाही.

तोवर साडेचार झाले होते. मामा म्हणाला, ट्रेमधला डेव्हलपर ओतून दे, उद्यासाठी ठेवू नकोस. मी म्हणालो, अजून चांगला दिसतोय. तो काही बोलला नाही. मी ओतला.

प्रिंट धुऊन दोरीवर चिमटे लावून टांगले. फायबरचा प्रिंट वाळला की किंचित गडद होतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत थांबलो. आई आली. दोरीपाशी गेली, आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. कोट काळा होता. शिसवीसारखा काळा, वरच्या खिशाला पेनाची क्लिप चमकत होती, जी मी कधीच बघितली नव्हती. टोपीची घडी होती. हनुवटीखाली दाढी करताना राहून गेलेले दोन पांढरे केस होते.

"बाई गं," आई म्हणाली, "कोट काळाच होता."

मामा आतल्या खोलीत पडला होता, डोळ्यांत थेंब घालून. तिथूनच म्हणाला, "मग? आई काय खोटं सांगत होती?"

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने पट्टी, गॉगल वगैरे सोपस्कार झाल्यावर त्याने प्रिंट उजेडात धरून पाहिला आणि फिल्टरवाला निवडला. (मी काहीही बोललो नाही, नोंद घ्यावी.) मग मी त्याला वाईला सोडायला गेलो, फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले. जुना प्रिंट कडेने पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात फिक्सरचा तपकिरी डाग. मी तो बाजूला ठेवत होतो तर मामा म्हणाला, "तो असू दे आतच. मागे राहू दे."

दोन कागद झाल्यामुळे मागचा पुठ्ठा आता नीट बसत नाही. सध्या सेलोटेप लावलाय.